ढवळ्यांचे बोकड आणि काउंटीची मदत

अर्जदार श्री. सूर्यकांत ढवळे, वय सत्तावन्न, शिक्षण बी. ई. मेकॅनिकल, नागपूर, हे कॅनडात कॅल्गरीच्या पूर्वेस दीड तासावरील लार्च बट काउंटीत शेळ्या बाळगून असल्याचे आढळते. अर्जदार स्वतःस शेतकरी म्हणवतात. सदर म्हणणे तपासाधीन आहे.

तपासाधीन होण्याआधी सूर्यकांत कॅल्गरीतल्या एका तेल कंपनीत पाइपलाइनी आखत असे. कंपनीने माणसं कमी केली, त्यात तोही कमी झाला. मिळालेल्या पैशात त्याने शेत घेतलं आणि शेळ्या आणल्या. बायकोने, चित्राने, एवढंच विचारलं, "यांना विंटर टायर्स लागत नाहीत ना?"

धंदा चालला. पोराचं ग्रॅज्युएशन, कुणाची पन्नाशी, नाहीतर नुसताच रविवार. कॅल्गरीची मराठी मंडळी गाड्या काढून यायची, बोकड निवडायची. कापायला गावात परवानावाला खाटीक होता. किंमत विचारली की सूर्यकांत कानांवर हात ठेवायचा. "घरच्यांना कसला भाव?" मग मंडळी निघताना चित्राच्या हातात पाकीट ठेवत. आत बाजारभावाएवढी रक्कम, वर एक डॉलर, कारण शून्यावर संपणारी रक्कम आपल्यात देत नाहीत. कुणी कधी कमी दिलं नाही. ही विक्री आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं. फक्त तसं म्हणायचं नसे.

महामारीत लोकांचं जमणं थांबलं. बोकडांचं खाणं थांबलं नाही, आणि त्यात गवत महागलं. मग काउंटीने न खपलेल्या जनावरांसाठी मदत जाहीर केली. अट एकच: पूर्वी विकत होतात, हे दाखवा. मदत मिळाली तर हिवाळ्याचं गवत येणार होतं; नाहीतर कळप जाणार होता.

अर्ज मैत्रेयी नावाच्या अधिकारी मुलीकडे आला. आईवडील नागपूरचे, ती एडमंटनची. तिने फोन केला.

"काका, बँकेत पाचशे एक, चारशे एक्कावन्न असे डिपॉझिट्स दिसतायत. बोकडाची प्राइस काय होती?"

"प्राइस नव्हती. आहेर होता."

"आय नो, काका. आमच्याकडेपण पाकिटावर एक डॉलरचं नाणं, लूनी, चिकटवतात. पण फॉर्मवर आहेराचा कॉलम नाहीये. लोकांकडून पत्रं आणा. आम्ही बोकड विकत घेतला, बस. दॅट्स इट."

सूर्यकांतने नेहमी बोकड नेणाऱ्या तिघांना फोन केले. "काउंटीला माझ्याबद्दल दोन ओळी लिहून द्या." कुठल्या दोन, हे सांगायला जीभ रेटेना. ज्यांना इतकी वर्षं घरचे म्हटलं, त्यांना आता गिऱ्हाईक कसं म्हणायचं?

"मी सांगू का त्यांना?" चित्रा म्हणाली.

"तू मधे पडू नकोस. समजदार लोक आहेत."

लोक समजदार होतेच. शैलेंद्रने दोन पानं लिहिली: ढवळेसाहेबांसारखा दिलदार माणूस अख्ख्या आल्बर्टात नाही, बोकडापायी त्यांनी कधी एक डॉलर मागितला नाही. पुष्करने कंपनीचं लेटरहेड वापरलं: हा गृहस्थ धंदेवाईक नाही, याची मी हमी देतो. चंद्रकांतने हेच वकिलासमोर शपथेवर सांगितलं. तिन्ही पत्रं थेट काउंटीत पोचली.

"काका, ही पत्रं तुम्ही वाचली नाहीत ना?"

"आपल्याबद्दलचं चांगलं आपणच काय वाचायचं?"

"खूपच चांगलं लिहिलंय," मैत्रेयी म्हणाली. "आता काही करता येणार नाही."

निर्णय असा आला: अर्जदाराचा उपक्रम अव्यावसायिक व औदार्यपर स्वरूपाचा असल्याने साहाय्यास अपात्र.

पहिला बर्फ पडायच्या आत सूर्यकांतने कळप शेजारच्या वॉल्टरला विकला. वॉल्टर पहिल्यापासून बोकड लिलावात विकायचा, पावत्या जपून ठेवायचा. त्याने भाव विचारला, सूर्यकांतने खाली बघत सांगितला, वॉल्टरने थोडा पाडला आणि चेक लिहिला.

पुढच्या महिन्यात त्या शेळ्यांची मदत वॉल्टरच्या खात्यात जमा झाली.