थोरल्या जाऊबाईंचा पाडवा

दिवाळीला सगळं जग सुट्टी घेतं. पण खुद्द दिवाळीतूनच सुट्टी घेणारी बाई अख्ख्या कोल्हापुरात एकच होती, आणि ती नेमकी माझी थोरली जाऊ निघाली.

आता कुणी म्हणेल, कामचुकार असतील. छे! वसुबारसेच्या आधी आठ दिवस राजारामपुरीतल्या आमच्या घरात त्यांची कढई तापायची. करंजीला मुरड त्याच घालणार, चिवड्याचं मीठ त्याच ठरवणार. आम्ही फक्त "झकास झालंय" म्हणायचं, तेही तोंडात घास असताना, नाहीतर त्यांना ते खोटं वाटायचं. कुणाच्या हातून चकली मोडली तर अशा बघायच्या, की शिरोलीच्या फाउंड्रीत तीस माणसं हाकणारे माझे थोरले दीरसुद्धा हळूच अंगणात सटकायचे. आणि चोवीस माणसांचं हे सगळं निस्तरून झालं की पाडव्याच्या सकाळी किल्ल्यांचा जुडगा सासूबाईंपुढे ठेवायच्या आणि चपला घालत जाहीर करायच्या, "मी पन्हाळ्याला जातो. दिवे लागायच्या आत येतो."

सासूबाई देवापुढे बसून मोठमोठ्यानं सुस्कारे टाकायच्या. दीर म्हणायचे, "अगं, सणासुदीचं लोक काय म्हणतील?" "लोकास्नी सांगा, डब्यात लाडू हाईत, खावा," एवढं बोलून त्या एसटी गाठायच्या. एका वर्षी तर पाहुणे दारातच भेटले. "बसा पावणं, मी निघालो," म्हणून त्यांनाही ओलांडून गेल्या.

माझ्या लग्नानंतरच्या दुसऱ्या वर्षी, श्रावणात माझी आई गेली. भाऊबीजेला माहेरी जायचं तर तिथं आई नसणार, या विचारानं त्या दिवाळीत मला घास गिळेना. डोळे भरून आले की कुणीतरी म्हणायचं, "सणाचं रडू नये." मी हसत फराळ वाढत होते आणि आतून मला खरोखरच वाटत होतं, की अशानं माझं डोकं फिरणार. पाडव्याला जाऊबाईंनी माझ्या हातातला झारा काढून घेतला. म्हणाल्या, "गॅस बंद कर. चल."

गडावर आम्ही तटाला टेकून बसलो. शेजारी एक बाई चुलीवर भाकऱ्या थापत होती. जाऊबाईंनी झुणका-भाकर सांगितली, पहिल्या घासाला डोळे मिटले. "वरीसभर सगळ्यास्नी रांधून घालतो. एक दिस दुसऱ्याच्या हातची गरम भाकरी खाल्ली की म्होरलं वरीस निघतंय बघ." मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "आता रड की. सणाचं घरात रडू न्हाई म्हणत्यात. हितं कुठं घर हाय?" मी पोटभर रडले. भाकरी गार झाली, तेव्हा त्यांनी दुसरी मागवली.

त्यानंतर बरीच वर्षं पाडव्याला आम्ही दोघी जायचो. पुढं त्यांचे गुडघे गेले, मग दुखणंही जडलं. त्या पाडव्याला त्यांनी मागच्या खोलीत जाऊन आतून कडी घातली. "कुणी इचारलं तर सांग, पन्हाळ्याला गेल्यात." आणि काय सांगू, अख्ख्या घरानं ते पाळलं! सासूबाईंनी शेजारणीला दारातूनच वाटेला लावलं, "न्हाई वो, ती पन्हाळ्याला गेलीया." दुपारी घरभर करपल्याचा वास सुटला. जन्मात कधी चहा न केलेले माझे दीर कपाळाला पीठ लावून, ताट घेऊन त्या बंद दाराशी उभे होते.

"पावणं, भाकरी गरम हाय. देऊ का?"

कडी निघाली. एका बाजूनं करपलेली, दुसऱ्या बाजूनं कच्ची अशी ती भाकरी जाऊबाईंनी डोळे मिटून शेवटच्या तुकड्यापर्यंत खाल्ली. "कच्ची हाय," म्हणाल्या, आणि हसता हसता त्यांचा पदर डोळ्यांकडे गेला.

पुढच्या दिवाळीला त्या नव्हत्या. आमच्याकडे कढई चढली नाही, शेजाऱ्यापाजाऱ्यांनीच फराळाची ताटं आणून दिली. पाडव्याला दीर सकाळपासून मागच्या खोलीत ताठ बसून होते, आल्यागेल्याशी हसून बोलत होते. मला ते हसणं ओळखीचं होतं. मी किल्ल्या सासूबाईंपुढे ठेवल्या आणि दिरांच्या चपला दारात आणून ठेवल्या.

"चला दादा. दिवे लागायच्या आत येऊ."

तटाजवळ बसल्यावर मी झुणका-भाकर सांगितली आणि दरीकडे तोंड करून बसले. त्यांची भाकरी गार झाली, तेव्हा मी दुसरी मागवली.