थोरल्या साडूंची चाळणी

जगात जे सुरळीत चाललं आहे, त्यात आमच्या थोरल्या साडूंना काडीचाही रस नाही. सूर्य वेळेवर उगवला तर ते मान वर करून बघणार नाहीत. कधी उशीर झालाच, तर पहिली तक्रार दहिवलीहून, त्यांच्या घरून, जाईल. वर्तमानपत्रात ते आधी चूकदुरुस्तीची चौकट शोधतात आणि ती नसली तर ‘आज बातमी नाही’ म्हणून अंक खाली ठेवतात. एकदा आम्ही चौक गावाजवळ हायवेवर चहा पीत बसलो होतो. एका मालट्रकचा आवाज ऐकताच हे कप टाकून रस्त्यात आडवे उभे राहिले. ‘मागचं डावं चाक बघ!’ ड्रायव्हर आयमाय उद्धरत उतरला. पण चाकाचे नट नुसत्या हाताने फिरताहेत हे पाहून त्याने साडूंना आग्रहाने दुसरा चहा पाजला. त्या चहात साखर जास्त झाल्याचं साडूंनी त्याला तिथल्या तिथे सांगितलं.

त्यांची बायको म्हणजे माझी थोरली मेहुणी. मी त्यांना ताई म्हणतो. ताईंचं एकच मागणं असे. ‘आमटी चांगली झाली, एवढं ह्यांच्या तोंडून एकदा ऐकायचंय. मीठ कमी पडलं की मात्र लगेच आकाशवाणी!’

‘अगं, मी बोललो नाही म्हणजे चांगलीच झाली की,’ साडू खरोखर बुचकळ्यात पडून म्हणत आणि तिसऱ्यांदा वाटी पुढे करत.

अशा माणसाला देवाने नोकरीही मोजून मापून दिली. खालापूरच्या बाजूला आमचा कारखाना आहे, तिथे ऐंशीचं दशक निम्मं सरताना एक कॉम्प्युटर आला आणि तो साडूंच्या ताब्यात गेला. दिवसभर जे घडेल ते यंत्र आपणहून टिपून ठेवी. वजनकाट्याची एक फाईल, हजेरीची एक, बॉयलरची एक आणि स्टोअरची एक. ह्या फायलींना लॉग म्हणत. त्यांत ओळींवर ओळी साचत आणि कुठे काही चुकलं असेल तर त्या ओळीत ‘एरर’ असा शब्द पडे. पण तो शोधायचा कुणी? साडूंनी त्यासाठी स्वतः एक छोटा प्रोग्राम लिहिला. तो चारी फायलींवर सतत नजर ठेवी, चांगल्या ओळी सोडून देई आणि चुकीची ओळ दिसली की घंटा वाजवून ती छापून काढी. साडू त्याला चाळणी म्हणत. ‘बायका तांदूळ निवडतात तेव्हा तांदूळ बघतात का? खडा बघतात!’

घंटा वाजली की ज्याच्या विभागात चूक, त्याच्यापुढे साडू कागद घेऊन हजर. बॉयलरवरचा बाळू हात जोडायचा, ‘सायेब, आमी कायतरी बरं बी करतो हाय, त्याची घंटा नाय का तुमच्याकडं?’

मी स्टोअरमध्ये होतो, तोही साडूंच्याच शब्दावर लागलेला. आणि सांगायला अभिमान वाटतो, माझ्या नावाने घंटा कधी वाजली नाही! घरी बायकोला मी हे रोज ऐकवायचो. बोल्टची नोंद डझनाऐवजी लिटरमध्ये केल्याचं मला कधीमधी रात्री आठवायचं, पण यंत्राला चाललं तर आपण कशाला चिंता करा?

मग मुंबईच्या मुख्य कचेरीच्या मनात आलं, की हे यंत्र इथे आडगावी कशाला, मुंबईलाच आणावं. एक मोठे साहेब बघायला येणार होते. यंत्राचा इथे उपयोग दिसला तर ठीक, नाहीतर ते जाणार आणि त्याच्यामागून साडूही जाणार. दहिवलीच्या अंगणात ताईंनी लावलेल्या चिकूला नुकती फळं धरली होती. ताईंनी देव पाण्यात ठेवले.

साहेब आले. नेमकं त्या दिवशी सगळं सुरळीत! चाळणी मुकी.

‘हे करतं काय?’ साहेबांनी विचारलं.

‘बिघडलं की सांगतं.’

‘मग आत्ता?’

‘आत्ता काहीच बिघडलेलं नाही,’ साडू अभिमानाने म्हणाले. साहेबांनी घड्याळ बघितलं.

मी कानाशी लागलो, ‘साडूभाऊ, एखादी खोटी चूक घाला ना!’ त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांना भातात खडे मिसळायला सांगत होतो. शेवटी मीच धावत स्टोअरमध्ये गेलो, तिथल्या कीबोर्डवर ‘ग्रीस, अडीचशे फूट’ अशी ठणठणीत नोंद केली आणि धापा टाकत परतलो. शांतता. आता मला राहवेना.

‘साहेब, मी आत्ताच एक चूक करून आलोय!’

साहेबांनी स्टोअरची फाईल उघडायला लावली. ओळ होती, ‘एरर’ही होता, घंटा मात्र वाजली नव्हती.

‘आँ?’ दारातून बाळू म्हणाला. ‘आमची वाफ जरा कमी पडली तर बोंबलतंय, आन आता गप कसं?’

साडूंनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, ‘चूक माझी आहे, साहेब. चाळणीला भोक पडलंय.’

यंत्र टेंपोत चढलं आणि पुढच्या आठवड्यात साडूंचं सामानही. खाटेला दोरी बांधता बांधता मी विचारलं, ‘तुमच्या हातून भोक पडलं कसं हो?’

‘पडलं नव्हतं, धाकटे साडूभाऊ. पाडलं होतं. तुमच्या नावाची ओळ आली की घंटा वाजवायची नाही, असं पहिल्याच आठवड्यात लिहून ठेवलं होतं मी. त्या ओळी मीच सकाळच्या चहाबरोबर बसून दुरुस्त करायचो. नाहीतर टिकला असतात होय तुम्ही तिथे?’

‘मग साहेबांना तसं सांगायचं की!’

‘दोरी सैल आहे,’ साडू म्हणाले. ‘नीट आवळा.’

आता आमच्या नोंदी कागदावर लिहून टेंपोने मुंबईला जातात आणि तिथे साडू त्या यंत्रात भरतात. वजनकाट्याचे कागद लाल रेघा ओढून परत येतात. बॉयलरचे येतात, बाळू कपाळाला हात लावतो. माझा एकही अजून आलेला नाही. मी सुधारलो, असं बायकोला सांगतो. ती नुसती हसते. परवा माझ्या हातून ‘खिळे, चार लिटर’ असं लिहून गेलं. खोडायला पेन उचललं आणि तसंच राहू दिलं. म्हटलं, सकाळच्या चहाला त्यांना तेवढीच आमची सोबत.