आधी जुनोच घालून बघ

वयाच्या एकावन्नाव्या वर्षी मी गेमिंगचा लॅपटॉप घेऊन बसते, पण खेळत बिळत काही नाही. नव्या घरांचे थ्रीडी व्हिडिओ करते. न बांधलेल्या हॉलमध्ये न आणलेला सोफा कसा दिसेल, ते दाखवायचं. त्याला दणकट मशीन लागतं, म्हणून दहा-अकरा वर्षांपूर्वी हा लाल दिव्यांचा धटिंगण घेतला. गेले काही महिने त्याने माझ्या नाकी नऊ आणले होते. पाच मिनिटं धावायचा, की घरघर सुरू आणि धाप. तीन तासांच्या कामाला अख्खा दिवस. मी समोर बसून पडद्यावरचे टक्के मोजायची. त्या बसण्याने मी जेवढी थकले, तेवढी कामाने कधी थकले नसेन.

मला काम देणारी दादरची इंटिरियरवाली बाई गोड बोलते. म्हणाली, "ताई, सोमवारी दुपारपर्यंत व्हिडिओ आला नाही, तर यापुढचं काम मी दुसरीकडे देते. राग मानू नका हं." राग मानू नका म्हणणाऱ्यांचा मला फार राग येतो.

पण प्रश्न तिचा नव्हता, बाबांचा होता. लालबागच्या या खोलीत आम्ही दोघंच. बाबा एक्क्याऐंशीचे, गिरणीत फिटर होते. गणपतीनंतर मोरीत पाय घसरून पडले, तेव्हाच मी त्यांना स्पष्ट सांगितलं होतं. घरून काम होतंय तोवर ठीक. हे मशीन बंद पडलं तर मला कुठल्यातरी ऑफिसात जावं लागेल, आणि दिवसभर तुम्हाला एकटं ठेवणार नाही. मग तुम्ही मालवणला ताईकडे जायचं. बाबा साठ वर्षं इथे राहिलेले. संध्याकाळी नाक्यावर गिरणीतले उरलेले तीन सोबती बसतात, त्यांच्यात चौथे बाबा. ऐकून "बरा" एवढंच म्हणाले आणि टीव्हीचा आवाज वाढवला.

नवा लॅपटॉप आवाक्याबाहेर. लॅमिंग्टन रोडवरच्या एका दुकानदाराने सांगितलं, या जुन्या मॉडेलात प्रोसेसर सुटा बसतो, आताच्यांत सोल्डर करूनच टाकतात. तुमच्यात याच्याहून जोरदार बसेल. मी जुन्या मशीनमधून काढलेला एक घेतला. रविवारी दुपारी जेवणं उरकून आम्ही लॅपटॉप उलटा पाडला. आम्ही म्हणजे हात माझे आणि हुकूम बाबांचे. त्यांचे हात आता थरथरतात, पण जीभ शाबूत आहे. त्यांनी जुन्या धोतराचा तुकडा अंथरायला लावला. काढलेला भाग काढल्या क्रमाने डावीकडून मांडायचा. स्क्रू आप्पेपात्राच्या खळग्यांत, प्रत्येक जागेचे वेगळे. "घाई करू नको गो बाय. मशीन पळान जावचा नाय."

खालचं झाकण उचललं आणि मी बघतच राहिले. पंख्यात तांदूळ. एक-दोन दाणे नव्हेत, चांगली मूठभर. कुंकवाने लाल झालेले, धुळीत लडबडलेले, पंख्याच्या पात्यांत आणि तांब्याच्या जाळीत गच्च बसलेले. गरम हवेला बाहेर पडायला वाटच नव्हती.

"अक्षता? बाबा, अक्षता?"

"दसऱ्याचे असतीत," बाबा धोतराच्या तुकड्याकडे बघत म्हणाले.

दसऱ्याला ते घरातल्या पान्या-पकडींबरोबर लॅपटॉपचीही पूजा करतात, हे मला माहीत होतं. मी कधी अडवलं नाही. पण आता माझी सटकली. "अहो, देवाला एवढंही कळत नाही की विजेच्या वस्तूत तांदूळ घालू नयेत? उद्या काम गेलं तर काय हे तांदूळ शिजवून खायचे?" बरंच काही बोलले. सगळं इथे लिहिण्यासारखं नाही.

मी दात घासायच्या ब्रशने सगळं साफ केलं. उष्णता वाहून नेणारी तांब्याची नळी सोडवली, तिच्या आणि प्रोसेसरच्या मधली वाळून खडखडीत झालेली पेस्ट पुसली, खाचेचा स्क्रू अर्धा आटा फिरवून जुना प्रोसेसर उचलला. नवा बोटांत धरला, तेवढ्यात बाबा म्हणाले, "थांब. आधी जुनोच घालून बघ."

"का आता?"

"दोन गोष्टी एकदम बदललंस, तर बिघाड खंय होतो ता कसा कळतला? फिटर एका टायमाक एकच बदलता."

मला वैताग आला होता, पण बोलणं बरोबर होतं. जुनाच परत बसवला, नवी पेस्ट लावली, स्क्रू खळग्यांतून काढून जागच्या जागी. लॅपटॉप सुरू केला, अडलेला व्हिडिओ लावला. घरघर नाही, धाप नाही. तीन तासांत व्हिडिओ बाहेर पडला, पूर्वीसारखा. म्हणजे प्रोसेसरला काहीही झालेलं नव्हतं. दोष तांदळाचा, हे बाबांनीच आपल्या हुकुमाने सिद्ध करून दिलं.

व्हिडिओ त्याच संध्याकाळी दादरला पाठवला. मालवण टळलं. मी चहा टाकला, बाबांना कप दिला. मग विचारलं, आवाज न चढवता, "दसऱ्याच्या चिमटीने एवढे कसे झाले हो?"

बाबांनी चहावर फुंकर मारली. मग म्हणाले, "रोज टाकी होतंय. तू आंघोळीक गेलंस काय, दोन दाणे. तू बोललंस मां, मशीन बंद पडला तर माका गावाक जावचा लागतला म्हणान. वरचे वेचून घेय होतंय, तुका दिसतीत म्हणान. जाळीतसून आत गेले ते बरे, असा वाटला. काम आतच चलता मां."

लोक देव पाण्यात घालून बसतात. आमचे बाबा तांदूळ पंख्यात घालून बसले होते. माणूस इतका घाबरलेला, आणि मी त्याच्या शेजारी बसून टक्के मोजत होते. मला माझीच लाज वाटली. दुपारी बोललेलं सगळं परत घ्यावंसं वाटलं, पण तशी सोय नसते.

नवा प्रोसेसर पुढच्या रविवारी बसवला, त्याचाही उपयोग झालाच. पण त्याआधी, त्या संध्याकाळी, मी एवढंच म्हटलं, "बाबा, उद्यापासून मशीनवर नको. माझ्या डोक्यावर टाका. लग्नात पडायच्या त्या राहूनच गेल्यात."

सोमवारी सकाळी मी न्हाऊन बाहेर आले, तर बाबा मोरीच्या दाराशी मूठ मिटून उभे होते.