मावशी भरवत नाहीत

"बालवाडीतली ते बाई लेकरांले उपाशी ठेवते म्हणे."

चक्कीवर माझ्यापुढे दोन डबे सोडून उभ्या असलेल्या बाईनं हे आपल्या शेजारणीला सांगितलं. चक्की चालू असताना काहीही सांगायचं तर ओरडूनच सांगावं लागतं, त्यामुळे कानात सांगण्यासारखी ही गोष्ट आख्ख्या रांगेनं ऐकली. मी तोंडाला स्कार्फ बांधून, आमच्या ज्वारीच्या डब्याकडे बघत उभी होते. शेजारणीनंही ऐकलं होतं म्हणे की लेकरू भरल्या ताटापुढं तोंड पाडून बसलेलं असतं आणि ही बाई समोर मेथी निवडत बसते. दोघींनी मिळून हळहळ व्यक्त केली. मी सहसा बोलतच नाही.

पण मनात आलं, बायांनो, मावशींवर दुसरा कोणताही आरोप करा. त्या भांडतात म्हणा, कोणाचं ऐकत नाहीत म्हणा, लग्नाच्या पंगतीत परक्या पोरांच्या ताटात वाकून बघतात म्हणा. सगळं खरं आहे. पण आख्ख्या जानेफळात, जानेफळातच काय, मेहकर तालुक्यात, कोणाच्या पोटात काय गेलं आणि काय जायचं राहिलं याची मावशींइतकी काळजी करणारा माणूस जन्माला आलेला नाही. बाकीचे लोक रस्त्यात भेटल्यावर कसं काय विचारतात. मावशी विचारतात, "काय खाल्लं?" आणि उत्तराची वाटही बघत नाहीत. ओठांचे कोपरे, नखं आणि शर्टाची पहिली दोन बटणं पाहून त्याच सांगतात. एकदा आमच्या दादाला त्यांनी रस्त्यात थांबवून सांगितलं की सकाळी पोहे झाले, वर दोन कप चहा झाला आणि आता तू टपरीवरच्या भज्यांकडं निघाला. दादा खरोखरच तिकडे निघाला होता. तो निमूट घरी परत आला आणि दिवसभर चिडून होता.

मावशी म्हणजे आमच्या गल्लीतल्या महिला मंडळाच्या बालवाडीत स्वयंपाक करणाऱ्या आणि वाढणाऱ्या बाई. वय साठीच्या अलीकडचं, बांधा काटक, नऊवारी नाही, सहावारीच, पण खोचलेली इतकी वर की कोणत्याही क्षणी पळायला मोकळ्या. घरचा भाजीचा मळा आहे. तिथून त्या सकाळी येतात ते काखेत काहीतरी हिरवं घेऊनच. आणि बालवाडीत आलेली भाजी त्यांच्या लेखी भाजी नसते, ती पाहुणी असते. पोरांना गोल बसवून त्या मधोमध परातीत दोडकं ठेवतात आणि त्याची ओळख करून देतात. हे दोडके, मळ्यातल्या मांडवावर राहतात, काल संध्याकाळी उतरले, आज आपल्याकडं मुक्कामाला आहेत, अंगाला धारा आहेत पण स्वभावानं मऊ आहेत. मग पोरांनी पाहुण्यांना नमस्कार करायचा. मी खिडकीतून पाहिलंय, एका पोरानं दोडक्याला राम राम घातला, दुसऱ्यानं जय भीम केला आणि दादाच्या मुलानं, म्हणजे आमच्या भाच्यानं, जो घरी मोबाइल बघून बोलायला शिकला, त्याला गुड मॉर्निंग म्हटलं. मावशींनी दोडक्याच्या वतीनं तिघांनाही उत्तर दिलं.

त्यानंतरचे नियम ठरलेले. आधी हात लावायचा, मग वास घ्यायचा, मग जीभ लावायची, मग दात. कोणाला वासावरच थांबायचं असेल तर थांबावं. कोणाला घास तोंडात घेऊन नको वाटला तर त्याच्यासाठी एक वाटी ठेवलेली असते, तिचं नाव परतीची वाटी. त्या वाटीत घास टाकणाऱ्याला कोणी हसायचं नाही आणि मावशींनी एक शब्द बोलायचा नाही. पाहुणा पुन्हा परवा येणारच आहे, असं त्यांचं म्हणणं. माणसाशी पहिल्या भेटीत कुठं जमतं, मग भाजीशी कसं जमेल. ताटात किती घ्यायचं ते पोरानं डावानं स्वतः घ्यायचं, सांडलं तर स्वतः पुसायचं, पुरे झालं की पुरे म्हणायचं. आणि सगळ्यात मोठा नियम असा की कोणी कोणाला भरवायचं नाही. चिऊचा घास नाही, काऊचा घास नाही. आमच्याकडे लेकराला भरवणं म्हणजे माया, आणि त्याच्यामागं वाटी घेऊन गल्लीभर पळणं म्हणजे जास्त माया. त्यामुळे हा नियम ऐकून गावातल्या निम्म्या आज्यांचा मावशींशी अबोला आहे.

हे नियम मावशींना स्वतःलाही लागू आहेत, हे मला एका कारल्यामुळे कळलं. त्या दिवशी पाहुणं कारलं होतं. परतीची वाटी दोनदा रिकामी करावी लागली. सगळं झाल्यावर एका चिमुरडीनं विचारलं, मावशी, तुमच्या ताटात कारलं काऊन नाई. मावशींनी ताट पुढं ओढलं, एक फोड घेतली, हात लावला, वास घेतला, जीभ लावली, दातांनी तोडलं, डोळे मिटले आणि रीतसर परतीच्या वाटीत टाकलं. मग त्या पोरीला म्हणाल्या, "लहानपणापासून पाहून राह्यली बाई मी याले. जमून नाई राह्यलं. पण परवा पुन्हा पाहीन." त्या पोरीनं मोठ्या माणसासारखी मान हलवली.

बालवाडीबाहेर मात्र त्यांच्या स्वभावाला असा धीर नाही. मेहकरच्या एसटीत शेजारच्या बाईनं रडणाऱ्या पोराच्या हातात पाच रुपयांचं चटपटीत पाकीट दिलं, तेव्हा मावशींनी पिशवीतून काकडी काढली, पदरानं पुसली आणि त्या बाईला काकडीचे गुण सांगायला सुरुवात केली. कंडक्टर आला तर त्याच्याकडे बघून, तुमचं पित्त वाढलंय, उपाशीपोटी चहा पिता, असं निदान केलं. कंडक्टर म्हणाला, मावशी, आधी तिकीट काढा. तिकीट निघालं, पण बोलणं अर्धवट राहिलं म्हणून मावशी आपला थांबा आल्यावरही उतरल्या नाहीत. पुढच्या फाट्यावर उतरून चालत आल्या. येताना ते पाकीट त्यांच्या हातात होतं. पोरानं काकडी घेऊन ते त्यांना देऊन टाकलं होतं.

मला त्या का आवडतात ते मला नीट सांगता येणार नाही. मी मेहकरच्या इंग्रजी शाळेत शिकले, पुढे कॉलेज केलं आणि आता घरी बसून बँकेच्या परीक्षेचा अभ्यास करते. दादा-वहिनी नोकरीला जातात, म्हणून साडेतीन वर्षांच्या भाच्याला बालवाडीत सोडायचं आणि आणायचं काम आत्याकडे, म्हणजे माझ्याकडे आलं. आत जाऊन बायांशी बोलण्यापेक्षा मी बाहेर खिडकीपाशी पुस्तक घेऊन बसायची. पहिल्याच आठवड्यात मावशींनी मला एक ताट आणून दिलं. नको म्हणायचा धीर होईना, म्हणून मी सगळं संपवलं. रिकामं ताट घेताना त्या म्हणाल्या, "तुले भूक नोती. माह्या तोंडाकडं पाहून खाल्लं तुनं." मी ओशाळले. माझ्या आयुष्यात इतक्या वर्षांत हे कोणी ओळखलं नव्हतं. तेव्हापासून त्या ताट आणत नाहीत, नुसत्या खिडकीतून भुवई उडवून विचारतात, आणि मी खरं काय ते मानेनंच सांगते.

एकदा भांडी आवरताना मी विचारलं होतं की तुम्ही हे सगळं कुठं शिकलात. मला वाटलं एखाद्या प्रशिक्षणाचं नाव निघेल. मावशी हसल्या. म्हणाल्या की कुठं नाही, चुकून शिकली. त्यांचा मुलगा लहानपणी जेवायचा नाही. त्याचं नाक दाबायचं, तोंड उघडलं की घास कोंबायचा, असं त्यांनी त्याला वाढवलं. आता तो पुण्याला कंपनीत आहे, आठवड्याला फोन करतो, सगळं सांगतो. "पण फोन उचलला की हॅलोच्या आंधी म्हणते, जेवलो. काय जेवला ते नाई सांगत. मी विचारतही नाई आता." एवढं बोलून त्या पातेलं घासत राहिल्या. ते पातेलं आधीच स्वच्छ झालेलं होतं.

आता चक्कीवरच्या बोलण्याचं. ते वाक्य कुठून निघालं हे मला तिथं रांगेत उभं असतानाच माहीत होतं. ते आमच्या घरातून निघालं होतं. आमचा भाचा बालवाडीत जेवत नव्हता. ताटात एक पळी घ्यायचा आणि बोटानं रेघा ओढत बसायचा. ही बातमी कळल्यापासून माझ्या आईच्या जिवाला घोर लागला. मावशी भरवत नाहीत म्हटल्यावर लेकरू उपाशी मरणार, हे तिनं ठरवून टाकलं आणि त्यावर उपायही काढला. निघण्याआधी घरी दूध-पोळी, समोर मोबाइल लावून. आणि वाटेत पाण्याच्या हापशीच्या ओट्यावर बसवून चारायला चार बिस्किटं एका डबीत, ती माझ्या पिशवीत. म्हणजे लेकरू पोट भरून बालवाडीत पोचायचं, तिथं जेवायचं नाही, मी येऊन सांगायची की आजही जेवला नाही, आणि दुसऱ्या दिवशी डबीत पाच बिस्किटं असायची. आईला यात काही चुकतंय असं वाटत नव्हतं. मला वाटत होतं. मी डबी घेत होते आणि चारत होते.

एकदाच घरची दूध-पोळीही झाली नाही आणि डबीही मिळाली नाही. आई एका बारशाला बीबी गावाला गेली होती. त्या दिवशी भाचा ताटापुढं बसला, शेजारच्या पोराकडे बघितलं, चवळीच्या उसळीचा वास घेतला, जीभ लावली आणि भाकरीचा तुकडा मोडून स्वतःच्या हातानं जेवायला लागला. त्यानं उसळ दुसऱ्यांदा मागून घेतली. तोंडभर लावून घेतलं, शर्टावर सांडलं आणि शेवटी मोठ्यानं पुरे म्हणाला. मी पुस्तकाचं पान न उलटता बघत राहिले. संध्याकाळी आईनं विचारलं, काही खाल्लं का त्यानं. मी हो म्हणाले. तिला वाटलं, मी तिची समजूत घालतेय. दुसऱ्या दिवशी डबी पुन्हा पिशवीत होती.

मावशींनी पहिल्याच दिवशी भाच्याच्या कॉलरवरचा बिस्किटाचा चुरा बोटानं टिपला होता. माझ्याकडे पाहिलं, आणि चुरा झटकून टाकला. ज्या बाईनं एसटीच्या कंडक्टरला सोडलं नाही, तिनं मला एका शब्दानं टोकलं नाही. रोज चुरा झटकायच्या आणि त्याला आत न्यायच्या.

मग आई एक दिवस स्वतः बघायला गेली. नातू भरल्या ताटापुढं बसलेला आणि मावशी समोर मेथी निवडताना. आई पाच मिनिटं उभी राहिली आणि डोळे पुसत, भेटेल त्या बाईला सांगत परत आली. पुढच्या शनिवारी दुपारी बालवाडीतच बायांची बैठक बसली. सतरंजीवर पंधरा-वीस बाया, मंडळाच्या अध्यक्षबाई खुर्चीवर, मावशी भिंतीला टेकून आणि मी भाच्याला घेऊन दारात, चपलांच्या ढिगाशी.

अध्यक्षबाई चांगल्या आहेत, त्यांनी समजुतीच्या सुरात सांगितलं. दोन घास भरवले तर काय बिघडतं, बायांचं एवढंच म्हणणं आहे. प्रत्येक ताट रिकामं झालं पाहिजे, नाहीतर एक तारखेपासून दुसरी बाई बघावी लागेल. सगळ्यांना वाटलं, आता मावशी तास दीड तास बोलतील. त्या एवढंच म्हणाल्या, "लेकराच्या तोंडात मी जबरदस्तीनं घास कोंबणार नाई. पायजे तं दुसरी बाई पाहा." कारल्याला सहज परत पाठवणारी बाई, पण हे म्हणताना त्यांचा आवाज बसला होता. दुसऱ्या बाईच्या हाताखाली ही पोरं कशी जेवतील, हे त्या तेव्हाच बघत असाव्यात.

"मंग यायचा नातू काऊन जेवत नाई, तेवढं तं सांगा," अध्यक्षबाई माझ्या आईकडे हात करून म्हणाल्या.

मावशींनी आईकडे पाहिलं. मग माझ्या कडेवरच्या भाच्याच्या कॉलरकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्यांना एका वाक्यात मोकळं होता आलं असतं. त्यांनी मान खाली घातली आणि म्हणाल्या, "त्याची भूक त्याले माहीत." बायांमध्ये कुजबुज झाली. अध्यक्षबाईंनी वही उघडली.

भाचा कडेवर जड झाला होता, त्याला खाली ठेवलं, आणि इतक्या बाया एकदम माझ्याकडे वळल्या की मला वाटलं आपण आधीच काहीतरी बोललो. आईकडे मी बघितलं नाही.

"तो उपाशी नसतो, काकू," मी म्हणाले. "इकडं येताना मी त्याला रोज हापशीवर बसवून बिस्किटं चारते. भूकच ठेवत नाही मी त्याला. आणि मावशींना हे पहिल्या दिवसापासून माहीत आहे."