मागे मारायचा चेंडू

शेवटच्या होलवर दादाकडे दोन फटक्यांची आघाडी होती, आणि नेमका तिथे त्याचा चेंडू बाभळीत गेला.

गोल्फमध्ये चेंडू होलमध्ये, म्हणजे झेंड्याखालच्या खळग्यात, घालायला ज्याला कमी फटके लागतात तो जिंकतो. एवढं कळलं की पुरे. साताऱ्याबाहेरच्या टेकडीवर एक छोटं मैदान आहे, तिथल्या अजिंक्यपदाचा तो शेवटचा दिवस. मी माझ्या थोरल्या भावाची काठ्यांची बॅग खांद्यावर घेऊन त्याच्या मागे चालत होते. हा खेळ तो फौजेत शिकला, साहेबांच्या बॅगा उचलता उचलता. मी त्याच्याकडून शिकले. त्यातलं मला त्याच्यापेक्षा जास्त कळतं, असं माझं तेव्हाही मत होतं आणि आजही आहे.

फौजेतून आल्यापासून दादा कुपवाडला एका कारखान्याच्या गेटवर वॉचमन होता. वहिनी आणि दोघी मुली माणमध्ये, गावी. महिन्यातून एखादा रविवार घरी, तोही सुट्टी मिळाली तर. मैदानाच्या कमिटीला खेळ शिकवायला माणूस हवा होता, आणि त्याला राहायला दोन खोल्या मिळणार होत्या. अध्यक्षांनी दादाला आडपडदा न ठेवता सांगितलं होतं, "तुम्ही जिंकलात तर तुमच्या नावाला कुणी नाही म्हणणार नाही. नाहीतर बाकीचे पुण्याहून माणूस आणतील." वहिनीने धाकटीच्या शाळेची चौकशीसुद्धा करून ठेवली होती.

सगळं नीट चाललं होतं, पण आमचं गाव खेळ बघायला आलं. आबा, म्हणजे आमचे वडील, जीप भरून भावकी घेऊन हजर. वहिनी आणि मुलीही त्यातच. आबांनी तरुणपणी जत्राजत्रांतून कुस्त्या केलेल्या. मैदान म्हटलं की त्यांना तांबडी मातीच दिसते. पिशवीत पोराला बांधायला गुलाबी फेटा होता. सकाळपासून ही मंडळी दोरीच्या पलीकडून आमच्याबरोबर चालत होती. चेंडू उडाला की टाळ्या. वाकडा उडाला तरी टाळ्या. एकदा दादाचा चेंडू वाळूच्या खड्ड्यात अडकला, तर आमच्या चुलत्यांनी खूश होऊन शिट्टी मारली. मी डोळे वटारले, तेव्हा कुठे गप्प बसले.

तर बाभळी. दादाबरोबर खेळणारे सांगलीचे एक डॉक्टर होते, तेच दोन फटक्यांनी मागे होते. त्यांचा चेंडू मोकळ्या गवतात छान बसला होता. आमचा चेंडू झाडांच्या मध्ये. समोर खोडांची गर्दी, त्यापुढे नाला, नाल्यापलीकडे झेंडा. बाहेर पडायला एकच मोकळी वाट होती, आणि ती मागे जात होती, आम्ही जिथून आलो तिकडे.

"दादा, मागं मार," मी म्हटलं.

तो समोरच बघत होता. "पुडनं फट हाय की."

"त्या फटीतनं मांजर जायाचं न्हाई. मागं काढ, मग सावकाश नाला वलांड. तरी एका फटक्यानं जितशील."

"आबा बघाय लागल्यात गं."

तेव्हा मला कळलं की हा गोल्फ खेळतच नाहीये. आमच्या घरात आखाड्यात पाठ लावून घ्यायची नाही आणि पलटणीत पाठ दाखवायची नाही, एवढंच शिकवलेलं. आता सगळ्या भावकीसमोर, बापासमोर, हा चेंडू उलटा मारणार?  मी त्याच्या हातातली काठी धरली. त्याने ती हिसकून घेतली.

फटका बसला. चेंडू खोडावर आपटला आणि परत त्याच्या पायाशी आला. दोरीपलीकडे टाळ्या पडल्या.

"अजून गेल्यालं न्हाई," मी दात-ओठ खात म्हटलं. "आता तरी मागं मार. बरोबरी तरी हुईल. पोरींकडं बघ."

त्याने खरंच मुलींकडे बघितलं. दोघी आबांच्या शेजारी उभ्या होत्या. थोरलीने हात हलवला. मला वाटलं, सुटलो. पण त्याने पाय रोवले ते पुन्हा झेंड्याकडे तोंड करूनच.  इतका राग मला त्याचा आयुष्यात कधी आला नव्हता, आणि इतकी कीवही.

या वेळी चेंडू फटीतून निघाला. एका फांदीला घासला आणि नाल्यात गेला. गावाने पुन्हा टाळ्या वाजवल्या.

चेंडू पाण्यात गेला की एक फटका जास्तीचा मोजतात. पुढचं सांगण्यासारखं काही नाही. दादा एका फटक्याने हरला. डॉक्टरांनी हात मिळवला, चांगला माणूस, त्यांनाच ओशाळल्यासारखं झालं होतं. अध्यक्ष लांबूनच मान हलवून निघून गेले.

आबा फेटा उलगडत आले. "झालं न्हवं? आता इथंच ऱ्हायाचं?"

"न्हाई आबा. हारलो मी."

आबांचे हात थांबले. "आरं, चांगला तर उडवत हुतास. कुटं हुकलं?"

"त्या बाभळीत. चेंडू मागं मारायला पायजे हुता."

"मंग?"

"तुमी सगळी बघत हुतासा."

आबा त्याच्याकडे बघतच राहिले. त्यांना खरोखरच काही उमगत नव्हतं.

"मंग मारायचा की रं मागं," ते म्हणाले. "आमाला काय कळतंय त्यातलं? आमी त्याला बी टाळ्या वाजवल्या असत्या."

 वहिनी थोडी लांब उभी होती. तिने ऐकलं, आणि मुलींना चपला घालायला सांगितल्या.