विहारात रात्रभर जळलेला बल्ब

परवा माझी गाडी दारातच बंद पडली. पेट्रोल आणि वीज दोन्हींवर चालणारी, हायब्रीड म्हणतात ती. मुलाच्या हट्टापायी घेतलेली. बटण दाबलं तर समोरचे दिवे लुकलुकले आणि विझले. शेजारचे दोघे बाह्या सरसावून आले, धक्का मारू का म्हणाले. शोरूमला फोन लावला, तर तिथला माणूस घाईघाईने म्हणाला, ही गाडी ढकलून चालू होत नाही, उगाच कुणाला हात लावू देऊ नका. मग त्यांचा मेकॅनिक आला आणि दुसरी बॅटरी जोडून क्षणात गाडी चालू करून गेला. सोय झाली, तक्रार नाही. पण ढकलून चालू न होणाऱ्या गाडीचं मला वाईटच वाटलं. चार माणसांना हात लावायला जागा नाही, ती कसली गाडी?

हे मी उगाच म्हणत नाही. मी शिकले, नोकरी केली, पेन्शन घेते आहे, ते ढकलून चालू झालेल्या एका जीपमुळे.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. आमचं गाव अकोले तालुक्यात, राजूरच्या पलीकडे डोंगरात. दादांची, म्हणजे माझ्या वडिलांची, जुनी डिझेल जीप होती. बाजारच्या दिवशी आसपासच्या वाड्यांतली माणसं ते राजूरला नेत आणि परत आणत. जीप म्हातारी आणि तिची बॅटरी तिच्याहून म्हातारी. म्हणून दादा जीप कायम आमच्या घराजवळच्या उतारावर, तोंड खाली करून लावत. सेल्फने दगा दिला तर नुसता ब्रेक सोडायचा. गाडी उताराला लावायची हा आमच्या घरचा कायदाच होता. आई तर पाहुण्यांची सायकलसुद्धा उताराला लावायला सांगते, असं दादा चिडवायचे.

त्या बॅटरीला पावसाळ्यात आणखी एक काम असे. आम्ही बौद्ध. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत वर्षावास. तेवढे दिवस रोज संध्याकाळी सगळी वस्ती विहारात जमायची, वंदना व्हायची आणि मग धम्मग्रंथाचं थोडं थोडं वाचन व्हायचं. विहार म्हणजे रस्त्याखालच्या खोलगट जागेत पत्र्याची एक खोली. पावसात लाईट गेली की आठवडा आठवडा तोंड दाखवायची नाही. मेणबत्ती वाऱ्याने टिकत नसे आणि कंदिलाच्या उजेडात बारीक अक्षर दिसत नसे. म्हणून दादा जीप विहाराच्या दाराशी नेत, बॅटरीला दोन वायरी चिमट्यांनी लावत आणि आत एक छोटा बल्ब पेटे. वाचायचं काम बहुतेक माझ्याकडे. वाचून झालं की वायरी काढायच्या आणि जीप वर नेऊन उताराला लावायची, असा शिरस्ता होता.

बारावीनंतर मी राहुरीला कृषी विद्यापीठात अर्ज केला होता. पहिल्या यादीत नाव लागलं नाही. मग प्रतीक्षा यादीतल्या मुलांना बोलावल्याचं पत्र आलं. अकरा वाजता नावं पुकारणार आणि पुकारल्यावर जो हजर नसेल, त्याची जागा पुढच्याला जाणार. पावसात टपाल रखडलेलं, त्यामुळे पत्र हातात पडलं ते आदल्या दिवशी दुपारी. त्या दिवशीची शेवटची एसटी निघून गेली होती. सकाळच्या एसटीने जावं तर संगमनेरला गाडी बदलून राहुरीला पोचेपर्यंत दुपार व्हायची. दादा म्हणाले, पहाटे जीपने निघू.

त्या संध्याकाळी वाचनात माझं लक्ष नव्हतं. दोन ओळी गाळल्या, त्या कुणाच्या ध्यानात आल्या नाहीत की सगळ्यांनी समजून घेतलं, कोण जाणे. दादांनी मात्र त्या दिवशी स्वतःचाच कायदा मोडला. पहाटे उठायचं म्हणून ते वाचन संपायच्या आत घरी निजायला गेले. जीप राहू दे तिथंच, फक्त वायरी काढा, असं बायकांना सांगून गेले. मी आणि आईही कपड्यांना इस्त्री आणि भाकरी करायची म्हणून वाचन संपताच उठलो.

उजाडता उजाडता आम्ही खाली उतरलो. भुरभुर चालूच होती. दादांनी लग्नकार्यात घालायचा पांढरा सदरा घातला होता, कारण साहेबांसमोर माझ्याबरोबर त्यांनाही उभं राहायचं होतं. विहाराच्या दारातून पाहिलं, तर बल्ब जोडलेलाच. उजेड कसला, आतली तार नुसती लालसर दिसत होती. जीपमध्ये बसून दादांनी सेल्फ मारला. टक् असा एक आवाज आला आणि संपलं.

माझा संताप पहिल्यापासून नाकावर. मी तिथंच आरडाओरडा केला. कुणी ठेवला बल्ब चालू, सांगितलेलं कळत नाही का, माझं वर्ष घालवलंत, असं तोंडाला येईल ते बोलले. भाताच्या आवणीला, म्हणजे लावणीला, निघालेल्या बायका खतांच्या गोण्यांच्या खोळी डोक्यावर घेऊन थबकल्या. तेवढ्यात विहाराच्या आतून मोठी आई बाहेर आली.

मोठी आई म्हणजे माझी चुलती, दादांच्या थोरल्या भावाची बायको. चुलते लवकर गेले. आई मजुरीला जायची तेव्हा मला खांद्यावर वागवलं ते मोठ्या आईनेच. तिचे डोळे रात्रभर जागल्यासारखे लाल होते.

"मीच ऱ्हाऊ दिला," ती म्हणाली. "मेनबत्ती वाऱ्यानं इजती. म्हनलं, पोरीसाटी एक रात उजेड ऱ्हाऊ दे. मी हुते की बसून, इजू नाय म्हनून."

अख्खी रात्र ती त्या बल्बाखाली भिंतीला पाठ लावून बसली होती. आमच्याकडे कुणाचं मोठं काम असलं की बुद्धमूर्तीपुढे मेणबत्ती लावतात, तिने बल्ब ठेवला. लाईट आपली आपण जाते हे तिला ठाऊक होतं, पण जळून जळून बॅटरी संपते हे तिला कुणी कधी सांगितलंच नव्हतं. माझा सगळा राग तोंडातच राहिला. उजेड मंद होत चालला तसतशी ती घाबरी होत गेली असणार, माझ्या नशिबाचंच काही होतंय असं तिला वाटलं असणार, हे मला फार नंतर सुचलं आणि तेव्हा रडू आलं.

दादा जीपमधून खाली उतरले आणि जाड दोर कुणाकडे आहे विचारलं.

जीप खड्ड्यात, रस्ता वर, मधे सगळा चिखल. बायकांनी डोक्यावरच्या खोळी फेकल्या, पदर खोचले आणि मागून खांदे लावले. जीप हातभर चढायची आणि पुन्हा घसरायची. एवढ्यात वरच्या आळीतला एक शेतकरी बैलजोडी घेऊन चिखलणीला, भाताच्या खाचरात चिखल करायला, निघालेला दिसला. दादांची त्याची फार बोलचाल नव्हती आणि आमच्या विहाराच्या अंगणात तो कधी उतरलेला आम्ही पाहिला नव्हता. रस्त्यावर उभा राहून त्याने थोडा वेळ आमची गंमत पाहिली. मग काही न विचारता बैल खाली घेऊन आला आणि दोर जुवाला बांधला. चिखलणीचे दिवस म्हणजे भावालाही कुणी बैल देत नाही. मोठी आई सगळ्यांत मागे होती, चिखलात गुडघाभर रुतून ढकलत होती. बैलांनी मान खाली घातली आणि जीप रस्त्याला लागली.

पुढे ओढ्यापर्यंत उतार, त्यानंतर सपाटी. म्हणजे चालू व्हायची ती तेवढ्यातच. मी कागदांची पिशवी छातीशी धरून दादांच्या शेजारी बसले. बायकांनी धक्का दिला, दादांनी दुसरा गिअर टाकून क्लच सोडला. जीपने एक आचका दिला आणि ती गप्प झाली. दादांनी पुन्हा क्लच दाबला. वळण गेलं, ओढा दिसायला लागला. बायका आरडाओरडा करत मागून पळत होत्या. ओढ्याच्या अलीकडे दादांनी पुन्हा क्लच सोडला, तसं इंजिन खोकललं, काळ्या धुराचा लोट मागे गेला आणि जीप धडधडायला लागली. मागे वळून पाहिलं तर सगळ्या चिखलाने माखलेल्या, धुराने काळ्या झालेल्या, आणि हसत होत्या. मोठी आई तेवढी हसत नव्हती.

राजूरच्या स्टँडवर ओळखीच्या माणसांनी हात केले. दादा थांबले नाहीत. पुढे दोन-तीन बाजार त्यांना त्याचे टोमणे ऐकावे लागले. त्या बॅटरीवर भरवसा नव्हता, म्हणून इंजिन कुठेच बंद करायचं नव्हतं. अकोले, संगमनेर करत आम्ही राहुरीला वेळेत पोचलो. पण फाटकापाशी दादा जागेवरच बसून राहिले. जीप तशीच सोडून येता येईना, बंद करवेना. पांढऱ्या सदऱ्याची कॉलर नीट करत म्हणाले, "तू हो फुडं. मी हितंच हाय."

माझं नाव पुकारलं. कागद तपासले, सगळे बरोबर निघाले. मग टेबलामागचे गृहस्थ म्हणाले, पालकांची सही हवी, पालक कुठे आहेत? मी खरं ते सांगितलं, की वडील फाटकाशी आहेत, गाडी बंद केली तर परत चालू होणार नाही. खोलीतली मुलं हसली. ते गृहस्थही हसले, पण उठले. पावसात छत्री घेऊन, कागद शर्टाच्या आत धरून, ते माझ्याबरोबर फाटकापर्यंत चालत आले. दादांनी स्टिअरिंगवर कागद ठेवून सही केली. जीप थरथरत होती म्हणून सही वाकडीतिकडी आली. चालेल, म्हणाले ते. त्यांना परत भेटून आभार मानायचे राहून गेले, ते आज इथे मानते.

संध्याकाळी आम्ही परतलो तेव्हा सगळी वस्ती रस्त्यावर आली. प्रवेश मिळाला हे ऐकून बायकांनी माझे गाल ओढले, आवणी बुडाल्याचं कुणी नावही काढलं नाही. मोठी आई त्यांच्यात नव्हती. दिवसभर तिच्या पोटात अन्न नव्हतं, असं आईने सांगितलं. ती विहारात सगळ्यांच्या मागे, एका फडफडत्या मेणबत्तीशी बसली होती.

दादांनी जीप खाली नेली. तोंड रस्त्याकडे करून दाराशी उभी केली आणि बॅटरी संपू नये म्हणून इंजिन चालूच ठेवलं. वायरी हातात घेऊन ते आत गेले. स्वतः न जोडता त्यांनी त्या मोठ्या आईपुढे धरल्या.

"वैनी, आज तुमी जोडा," ते म्हणाले. "गाडी चालू हाय, भ्यायचं काम न्हाई."

ती कितीतरी वेळ नको नको म्हणत राहिली. शेवटी उठली आणि दादांनी दाखवलं तसे तिने चिमटे लावले. बल्ब लखकन पेटला. मी ग्रंथ उघडला आणि आदल्या दिवशी गाळलेल्या दोन ओळींपासून सुरुवात केली. जीपच्या धडधडीत मला ओरडूनच वाचावं लागलं.

वाचन संपलं तशी मोठी आई कुणी सांगायच्या आधी उठली. वायरी काढायच्या आधी तिने एकदा माझ्याकडे बघितलं.

"आता इजवते," ती म्हणाली. "पोरीचं काम झालं."