कर्टिस, कपाट आणि पोहण्याची परीक्षा

कॉलेजच्या ऑफिसात खिडकीमागे बसणाऱ्या बाईला किस्से शोधत हिंडावं लागत नाही. ते आपल्या पायांनी येतात, रांगेत उभे राहतात आणि नेमके जेवणाच्या सुट्टीला पाच मिनिटं उरली की तोंड उघडतात. मी अठ्ठावीस वर्षं एका मोठ्या स्टेट युनिव्हर्सिटीच्या रजिस्ट्रार ऑफिसात होते. आता रिटायर होऊन कॅरी नावाच्या गावात राहते. इथल्या पॉटलकला, म्हणजे प्रत्येकाने घरून एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, कुणीतरी म्हणतंच, "वाघमारे मावशी, ऑफिसातलं काहीतरी सांगा ना!"

मी सांगते, लोक हसतात. पण गंमत अशी, की माझ्या हसवणाऱ्या किश्श्यांपैकी बरेचसे एकाच मुलाचे आहेत. ओळीने सांगितले तर शेवटी कुणी हसणार नाही, म्हणून पॉटलकला मी ते सुटे सुटे सांगते. आज ओळीने सांगते.

*

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. नागपूर सोडून मला चार वर्षं झाली होती आणि नोकरी अगदी नवी होती. माझ्या टेबलाजवळच्या खिडकीत फायलींचं एक लोखंडी कपाट उभं होतं, उजेड अडवून. ते भिंतीकडे सरकवायला दोन माणसं पाठवा, असा रीतसर अर्ज मी मेंटेनन्सला केला होता.

दुपारी दारात एक माणूस उभा राहिला. म्हणजे दार दिसेनासंच झालं. मी म्हटलं, "आलात का! एकटेच? हे कपाट त्या भिंतीला लावा."

त्याने माझ्याकडे बघितलं, कपाटाकडे बघितलं, खांद्यावरची बॅग खाली ठेवली आणि एकट्याने कपाट रेटायला लागला. खोलीच्या मध्यावर आला असेल तेवढ्यात माझी बॉस डोरिस जेवून परत आली आणि किंचाळली, "कर्टिस! सोड ते! आधी सोड!"

मला वाटलं, चोर आहे.

डोरिस माझ्यावर वळली. "तू कर्टिसकडून कपाट हलवून घेतेस? अगं, याच्या गुडघ्यासाठी लोक चर्चमध्ये प्रार्थना करतात!"

कर्टिस आमच्या अमेरिकन फुटबॉलच्या टीमचा लाइनबॅकर होता. समोरून पळत येणाऱ्याला आडवं करणं हे त्याचं काम. त्याने हात झटकले आणि फार नम्रपणे म्हणाला, "मॅम, मला फक्त माझ्या मार्कांची ट्रान्सक्रिप्ट हवी होती."

दुसऱ्या दिवशी मेंटेनन्सचे लोक आले. कपाट खिडकीतून हललेलं बघून त्यांनी अर्जावर 'काम पूर्ण' असं लिहिलं आणि गेले! कपाट तसंच खोलीच्या मधोमध राहिलं. पुढची दोन वर्षं आम्ही त्याला कोपरं आपटत होतो.

*

डोरिसबद्दल सांगायला हवं. पन्नाशी उलटलेली, काटक, सिगारेटी ओढून आवाज घोगरा झालेला. तिचा एकच धर्म होता. डिग्री मिळण्याआधी प्रत्येक विद्यार्थ्याची एक चेकलिस्ट भरायची, आणि त्यावर आधी पेन्सिलने खुणा करायच्या, मग पेनाने. "पेन्सिलची खूण तुझी, पेनाची खूण युनिव्हर्सिटीची," ती म्हणायची. पेनाची खूण पुन्हा कुणी तपासत नसे.

त्या चेकलिस्टवर सगळ्यात खाली एक चौकोन होता: पोहणे. हसू नका, खरंच होता. आमच्या युनिव्हर्सिटीत पोहता आल्याशिवाय डिग्री नाही, असा जुना नियम होता. पूलच्या या टोकापासून त्या टोकाला जायचं आणि परत यायचं. मध्ये कडेला हात लावला की नापास.

एकदा एका बड्या देणगीदाराचा गोल्फ खेळणारा मुलगा पोहण्यावाचून अडला. त्याने डॉक्टरची चिठ्ठी आणली की याच्या त्वचेला पाणी सोसत नाही. वरून फोन आला आणि डोरिसने पेनाने खूण केली. त्याच उन्हाळ्यात गावच्या पेपरात त्याचा फोटो आला, वॉटर स्कीइंग करताना!

डोरिसने तो फोटो कापून ड्रॉवरच्या आतल्या बाजूला चिकटवला.

*

कर्टिसच्या तिसऱ्या वर्षी, डिसेंबरात, त्याने हॉस्टेलच्या लॉबीत एका मुलाला मारलं. जबडा मोडला. तो मुलगा त्याच्या काळ्या रंगावरून त्याला काय म्हणाला होता ते मला माहीत आहे, आणि ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण त्याने मारलं, हे मी झाकून ठेवत नाही. त्याआधीही एक भांडण झालं होतं. कोचने त्याला टीममधून काढलं.

त्या आठवड्यात आमच्या मराठी मंडळींचा पॉटलक होता. देशपांडे काका पुरीचा तुकडा मोडत म्हणाले, "असल्या पोरांना कॉलेजात घेतातच कशाला? सवलतीवर आत यायचं, फुकट पास व्हायचं, आणि वर मस्ती!"

सगळ्यांनी माना डोलावल्या. मी मीठ आणायला म्हणून आत गेले आणि बराच वेळ आतच थांबले. हेच वाक्य मी नागपूरला कॉलेजच्या व्हरांड्यात ऐकलं होतं. तेव्हा ते माझ्याबद्दल होतं.

*

जानेवारीत कर्टिस खिडकीशी आला, मे महिन्यातच डिग्री मिळेल का ते विचारायला. कपाटाला वळसा घालून डोरिसही पुढे आली.

तेव्हा फुटबॉलच्या प्रोफेशनल लीगचा नियम कडक होता. ज्या दिवशी सगळे संघ ओळीने कॉलेजची पोरं निवडतात, तो ड्राफ्ट. त्यात कॉलेजची चार वर्षं उलटल्याशिवाय नाव घालता येत नसे. फट एकच होती: मुलगा आधीच ग्रॅज्युएट झाला असेल तर चालेल. अशा मुलांसाठी उन्हाळ्यात एक छोटा वेगळा ड्राफ्ट असायचा.

"आणि कोच?" डोरिसने विचारलं.

"कोच म्हणतात, माफी मागून परत ये, सराव कर. खेळवायचं की नाही ते सप्टेंबरात बघू." त्याने बॅग दुसऱ्या खांद्यावर घेतली. "मॅम, एक वर्ष न खेळलेल्या माणसाचं नाव कुणाला आठवत नाही."

मी फाइल काढली. दर उन्हाळ्यात सरावासाठी थांबायचा तेव्हा त्याने क्लासेसही घेतले होते. सात विषय एका सेमिस्टरमध्ये घेतले तर मे महिन्यात डिग्री होत होती. मी तीनदा बेरीज केली. तो काउंटरला धरून उभा होता.

"होतंय!" मी म्हटलं.

मग माझं बोट खालच्या चौकोनावर गेलं.

"आय डोंट स्विम, मॅम," तो म्हणाला.

*

त्याला पोहायला डोरिसने शिकवलं. सकाळी सहाला, पोहण्याची टीम यायच्या आधी. मी बाकावर टॉवेल आणि चहाचा थर्मास घेऊन बसायचे.

एवढा धिप्पाड मुलगा, ज्याला बघून समोरची टीम रस्ता बदलायची, तो छातीएवढ्या पाण्यात डोरिसच्या मनगटाला दोन्ही हातांनी धरून उभा! "हात सोड, कर्टिस," ती म्हणायची. "तुम्ही सोडा आधी," तो म्हणायचा. "मी धरलेलंच नाही रे! तू धरलंयस!"

एकदा डोरिसने मला हाक मारली, "ये, तूही शीक." मी म्हटलं, आमच्यात कुणाला येत नाही. माझ्या आजोबांना गावच्या विहिरीला शिवायची बंदी होती. पाणी वरून कुणीतरी ओंजळीत ओतायचं. ज्याला हात लावायचा नाही, त्यात पोहायचं कुठून?

कर्टिस ऐकत होता. म्हणाला, "आमच्या गावात पूल होता. माझ्या जन्माआधी. आता आम्हा काळ्यांनाही आत घ्यावं लागेल असा कोर्टाचा निकाल लागला, तर गोऱ्यांनी तो मातीने भरून टाकला."

डोरिसने गाव विचारलं. त्याने सांगितलं. ती पाण्यात तशीच उभी राहिली.

"एकोणिसाव्या वर्षी मी तिथे लाइफगार्ड होते," ती म्हणाली.

मग कर्टिसने विचारलं, "किती खोल होता?"

"लांबच्या टोकाला नऊ फूट."

"तिथेच आमचा गोल होता," कर्टिस म्हणाला. "मी फुटबॉल त्या मातीवर शिकलो."

*

एप्रिलमध्ये कोचचा फोन आला. आमच्या ऑफिसात कोचचा फोन म्हणजे गव्हर्नरचा फोन! मीच उचलला. डिग्री मिळाली की कर्टिस त्यांच्या हातून सुटणार होता.

"कर्टिसची फाइल नीट बघा हं," ते गोड आवाजात म्हणाले. "सगळे चौकोन. अगदी खालचासुद्धा. मुलाला सवलत दिली असं कुणी म्हणायला नको."

मी "येस सर" म्हटलं. फोन ठेवला तेव्हा माझे कान गरम झाले होते. शिवी दिली असती तरी एवढं लागलं नसतं.

*

मे महिन्यात सातही विषय सुटले. एकात तर ए! पोहण्याची परीक्षा शुक्रवारी होती, आणि डिग्री झाल्याचं आमचं पत्र लीगकडे सोमवारी पोचायचं होतं. परीक्षा घ्यायला जिमचा एक नवखा असिस्टंट होता. हातात शिट्टी, गळ्यात घड्याळ.

कर्टिस गेला. त्या टोकाला पोचला, वळला. परत येताना अर्ध्याच्या पुढे आला आणि त्याच्या नाकातोंडात पाणी गेलं. मी बाकावरून उठून उभी राहिले. त्याने हात बाहेर काढला आणि कड धरली. एकच क्षण. लगेच सोडून तो पुढे पोहला आणि पोचला. पण धरली होती.

असिस्टंटने माझ्याकडे बघितलं, डोरिसकडे बघितलं आणि फॉर्म कोराच ठेवून आमच्या हातात दिला. "मला नीट दिसलं नाही," म्हणाला. "तुम्हीच काय ते बघा."

ऑफिसात डोरिसने चेकलिस्ट माझ्यासमोर ठेवली. वर तिचं पेन ठेवलं. "मी सिगारेट ओढून येते," म्हणाली. ती एरवी टेबलाशी बसूनच ओढायची.

मी पेन हातात घेतलं. ड्रॉवरमधला वॉटर स्कीइंगचा फोटो मला माहीत होता. त्या चौकोनाला काही अर्थ नाही, हेही माहीत होतं. पण माझ्या डोक्यात कोच बोलत होता, देशपांडे काका बोलत होते, नागपूरचा व्हरांडा बोलत होता. आयुष्यभर मी एकच गोष्ट सिद्ध करत आले होते, की मला कुणी काही फुकट दिलेलं नाही. मग मी कुणाला कसं देणार? उद्या कुणी म्हणालं असतं, तशीच ती बाई, तिने दिलीच असणार सवलत!

मी पेन खाली ठेवलं. चौकोन कोरा राहिला.

डोरिस परत आली, कागद बघितला, पेनाला टोपण लावलं. "नियमाप्रमाणे आहे," एवढंच म्हणाली. त्यानंतर कित्येक दिवस ती सिगारेट ओढायला बाहेरच जायची. मी चुकले होते. हे तेव्हाच कळलं होतं, वय झाल्यावर नाही.

*

पत्र गेलं नाही. उन्हाळ्यातला ड्राफ्ट झाला. कर्टिस कोचकडे गेला तर कोचने तोवर दुसरा लाइनबॅकर आणला होता. एक अख्खा मोसम तो खेळला नाही. पुढच्या एप्रिलमध्ये चार वर्षं उलटली आणि तो ड्राफ्टला आपोआप पात्र झाला. आता ना डिग्री लागत होती, ना आमचं पत्र, ना पोहणं.

मी आणि डोरिस ऑफिसात रेडिओ लावून बसलो. दोन दिवस नावं वाचली जात होती. शेवटची फेरी संपली. त्याचं नाव कुणी घेतलं नाही. डोरिसने रेडिओ बंद केला आणि आम्ही ट्रान्सक्रिप्टचे लिफाफे चिकटवत बसलो.

आणि आता शेवटचा किस्सा.

मे महिन्यात, दुपारची वेळ. दार पुन्हा दिसेनासं झालं. कर्टिस. केस ओले, शर्टाची कॉलर भिजलेली. त्याने काउंटरवर पोहण्याचा फॉर्म ठेवला. जिमच्या त्याच असिस्टंटची सही होती, आणि खाली त्याने आपण होऊन लिहिलं होतं: 'दोन फेऱ्या पुरेशा होत्या. सहा मारल्या. थांब म्हटलं तरी थांबला नाही.'

"आता काय करणार आहेस?" मी विचारलं.

"गावी जाईन, मॅम."

मी चेकलिस्ट काढली. डोरिसने तिचं पेन पुढे केलं. मी खूण केली, इतकी मोठी की ती चौकोनाबाहेर गेली. मला माफी मागायची होती. वर्षभर मी ते वाक्य जुळवत होते, इंग्रजीत आणि मराठीतही. पण मी त्याची चेकलिस्टच पुन्हा वरून खाली वाचत बसले.

तो वाट बघत उभा होता. मग त्याची नजर खोलीच्या मधोमध गेली. त्याने बॅग खाली ठेवली, काउंटरची फळी उचलून आत आला आणि कपाटाला खांदा लावला.

डोरिस सवयीने ओरडली, "कर्टिस! गुडघा!"

"आता चालतं, मॅम," तो म्हणाला. "कुठल्या भिंतीला म्हणाला होतात?"